हळू आवाजातील गाणी

गेल्या दिवाळीत आमच्या पुतणीचा मुलगा चार दिवस आमच्याकडे राहावयास आला होता. वय अकरा वर्षांचे, स्वभाव चौकस. सकाळी दाढी करताना जुनी भावगीते लावून ठेवण्याची आम्हांस फार वर्षांची खोड आहे. पहिले दोन दिवस त्या मुलाने हा प्रकार मुकाट्याने सोसला. तिसऱ्या दिवशी मात्र तो न्हाणीघराच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘आजोबा, तेव्हा सगळे इतके हळू का गायचे? घरात कोणी आजारी असायचं का?’’

घरातली मंडळी खो खो हसली. तोंडाला साबण असताना जेवढे हसता येते तेवढे आम्हीही हसलो, आणि वडीलधाऱ्या माणसाने अशा वेळी जे उत्तर द्यावयाचे ते दिले : ‘‘बाळ, तो काळच तसा होता. शांत, संथ.’’ मुलाचे समाधान झाले असावे, कारण तो फराळाकडे वळला. आमचे मात्र झाले नाही. आरशात पाहता पाहता आमच्या ध्यानात आले की, आपण लेकरापाशी धडधडीत खोटे बोललो.

ज्या गाण्यांसाठी आमचा जीव अजून कासावीस होतो ती बहुतेक १९६२ ते १९६७ या पाच-सहा वर्षांतली. त्या वर्षांस शांत म्हणावयाचे तर अशांत कशास म्हणावे, हा प्रश्नच आहे. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनने सरहद्द ओलांडली. १९६४ च्या मे महिन्यात नेहरू गेले. १९६५ च्या सप्टेंबरात पाकिस्तानशी युद्ध जुंपले आणि मुंबईच्या खिडक्यांस काळे कागद लागले. त्याच वर्षी आणि पुढल्याही वर्षी पावसाने दगा दिला. शास्त्रीजींनी सोमवारी रात्री एक वेळ उपाशी राहण्याचे आवाहन केले. ते केल्याला पुरते वर्ष झाले नाही तोच, १९६६ च्या जानेवारीत, ते स्वतः ताश्कंदला गेले ते परत आले नाहीत. रेशनच्या दुकानात अमेरिकेची तांबडी मिलो येऊ लागली. तिच्या भाकरीस आमची आजी ‘विटेचा तुकडा’ म्हणे. जून महिन्याच्या ६ तारखेस रुपयाचे अवमूल्यन होऊन पावणेपाच रुपयांचा डॉलर एका रात्रीत साडेसात रुपयांचा झाला. त्या काळात संथ असे काही असेल तर ती रॉकेलची रांग. मग त्याच वेळी, त्याच हवेत, इतकी मंद, इतकी मऊ, एखाद्याने उशाशी बसून सांगावी तशी गाणी कोठून आली?

याचे एक उत्तर आमच्या वडिलांपाशी होते. त्यांस आम्ही अण्णा म्हणत असू. साताऱ्यास एका हायस्कुलात ते संस्कृत शिकवीत. नाट्यसंगीतावर त्यांची पराकाष्ठेची भक्ती. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून त्यांनी बालगंधर्वांचे नाटक पाहिले होते, आणि त्या रात्रीपासून त्यांच्या लेखी संगीताचा इतिहास पुढे सरकलाच नव्हता. भावगीतास ते ‘कानगोष्टी’ म्हणत. ‘‘गाणे शेवटल्या बाकावरच्या गड्याच्या काळजात शिरले पाहिजे. हे तर शेजारच्या माणसाला ऐकू जाऊ नये म्हणून गातात!’’ हा त्यांचा नेहमीचा शेरा. आम्ही तेव्हा मनातून चिडत असू. आज वाटते, त्यांनी रागाच्या भरात वर्म अचूक सांगितले होते. ध्वनिक्षेपक नव्हता तोवर गवयास आवाज फेकणे भागच होते. मायक्रोफोन आला आणि ओठांवरचा निःश्वासही टिपता येऊ लागला. मग ओरडण्याची गरज काय उरली? जी. एन. जोशी आणि त्यांच्यामागून गजानन वाटवे यांनी कवीची कविता सांगावी तशी गाण्याची वाट पाडली. साठीच्या गायकांस ती मळलेली मिळाली.

दुसरे उत्तर सरकारी आहे, आणि ते ऐकून रसिकांस कदाचित वाईट वाटेल. १९५२ साली केंद्रात नभोवाणी खाते एका मराठी गृहस्थांकडे, बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे, आले. त्यांस चित्रपटगीतांचा मनस्वी तिटकारा. त्यांच्या अमदानीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली, आणि लोक आपले काटे फिरवून रेडिओ सिलोनवर जाऊन बसले. ही लाज राखण्यासाठी आकाशवाणीस स्वतःची सुगम गाणी तयार करावी लागली. त्यासाठी कवी, संगीतकार, वादक पगारावर किंवा मानधनावर बोलवावे लागले. केसकरांचा हट्ट टिकला नाही. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू झाली आणि चित्रपटगीते सन्मानाने परत आली. पण मधल्या काळात जे झाड लागले ते लागले. पुणे केंद्रावरून १९५५ च्या रामनवमीपासून माडगूळकर-फडक्यांचे ‘गीतरामायण’ आठवड्यास एक गीत याप्रमाणे वर्षभर चालले, ते सर्वांस ठाऊक आहे. मुंबई केंद्रावर यशवंत देव होते, मंगेश पाडगांवकर होते. ‘भावसरगम’ या कार्यक्रमाने नव्या गीतांची चटक लावली. तेथूनच साठीच्या प्रारंभी पाडगांवकरांचे ‘शुक्रतारा मंद वारा’ हे गीत निघाले. चाल श्रीनिवास खळ्यांची, गाणारे इंदूरचे अरुण दाते, म्हणजे शिक्षणाने व व्यवसायाने कापडगिरणीतले इंजिनीअर, आणि त्यांच्या जोडीस सुधा मल्होत्रा, ज्यांची मातृभाषा मराठी नव्हे. एका मंत्र्याच्या नावडीतून मराठी घरांस एवढी संपदा मिळावी, हा एक मौजेचा योग म्हणावयाचा.

ही दोन्ही उत्तरे खरी आहेत. तरीही त्या मुलाने विचारले होते ते निराळेच होते, आणि त्याचा विचार करताना आम्ही जरा चपापलो. कारण आमच्या घरात खरोखरच आजारी माणूस होते.

१९६४ च्या पावसाळ्यात आमची आजी परसात पडली ती पुन्हा उभी राहिली नाही. दोन वर्षे ती माजघरात खाटेवर होती. रेडिओही माजघरातच, कोनाड्याच्या वरच्या फळीवर. त्यावर आईने विणलेला क्रोशाचा रुमाल. हा सेट अण्णांनी बातम्या आणि संगीतसभा ऐकण्यासाठी म्हणून घेतला होता. दरसाल पोस्टात जाऊन त्याचे लायसन्स नवे करून आणावे लागे, आणि ते पुस्तक घराच्या खरेदीखताच्या ट्रंकेत ठेवलेले असे. बटण फिरविले की आधी काचेमागचा दिवा लागावयाचा, मग आतल्या नळ्या तापेतो अर्धा मिनिट सारे चिडीचूप, आणि मग लांबून कोणी चालत यावे तसा आवाज येत येत जवळ पोचावयाचा. आजीस झोप लागली असेल तर तो अर्ध्या वाटेवरच थांबवावा लागे. पलीकडे ओटीवर अण्णा वह्या तपाशीत. अलीकडे भिंतीस भिंत लावून दुसरे बिऱ्हाड. असा सर्व बाजूंनी कोंडलेला तो आवाज. त्या गाण्यांचा हळुवारपणा आम्ही ज्यास म्हणतो त्यातला निदान चार आणे भाग तरी आमच्या आजीच्या खाटेचा होता, हे आज कबूल केले पाहिजे.

आणि चार आणे भाग आभाळाचा. साताऱ्यास पुणे केंद्र दिवसाही नीट लागे. मुंबई मात्र रात्रीची. सूर्य असतो तोवर वातावरणाच्या वरच्या भागात एक थर मध्यम लहरी गिळून टाकीत असतो. रात्री तो विरतो आणि त्याहून उंचावरच्या थरास आपटून लहरी पुन्हा भूमीवर उतरतात. जमिनीलगत आलेली लहर आणि आभाळातून परतलेली लहर यांची गाठ पडली की त्या कधी एकमेकींस हात देतात, तर कधी एकमेकींस पुसून टाकतात. त्यामुळे गाणे ऐन रंगात आले असता आवाज खोल खोल जाई, जणू गाणारा दिवा घेऊन आतल्या खोलीत गेला. आणि मग तितक्याच सावकाश तो दिवा घेऊन परत येई. हे सर्व शास्त्र आम्ही पुढे शिकलो. तेव्हा आमची अशी ठाम समजूत होती की, हे गाण्यातच आहे. एका आवडत्या गीताच्या दुसऱ्या कडव्यात आवाज दूर जातो आणि तिसऱ्यात परततो, या रचनेवर तर आम्ही फारच लुब्ध होतो. १९७२ साली पुण्यास महाविद्यालयात असताना एका मित्राच्या घरी त्या गीताची तबकडी ऐकली. आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जागी! गाणे आमच्या समोर बसून गायिले गेले आणि आम्हांस ते दुसऱ्याच कोणाचे वाटले. मित्रास वाटले आम्हांस गाण्यातले कळत नाही.

आता आईविषयी लिहावयाचे. हा मजकूर टाळण्यासाठीच कदाचित इतका वेळ आम्ही मंत्री आणि लहरी यांच्या गोष्टी करीत बसलो असू.

आईस गाणे येत होते असे घरात कोणी म्हणत नसे. मंगळागौरीची गाणी सर्वच बायकांस येतात, तशी तीसही येत, एवढेच. आजीचे अंथरूण, पांघरूण, औषध, पथ्य, आम्हां तीन मुलांच्या शाळा, यांतून ती रेडिओसमोर बसलेली आम्ही कधी पाहिली नाही. ती उभी असे. हातात पातेले किंवा आजीचा धुतलेला पंचा, एक पाय स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, कान फळीकडे. पाव गाणे ऐकून झाले की दूध उतू जाई किंवा आजी हाक मारी. असे तुकड्यातुकड्यांनी तिने गाणे गोळा करावयाचे, आणि जेथे शब्द हाती लागला नसेल तेथे आपला घालावयाचा. कवीचा ‘गंध’ तिच्या ओठी ‘रंग’ होई. कडव्यांची अदलाबदल तर नित्याचीच. ‘साधी माणसं’ हा भालजी पेंढारकरांचा चित्रपट १९६५ साली आला. त्याचे संगीत ‘आनंदघन’ या नावाने लता मंगेशकरांनीच दिले होते. त्यातले लोहाराच्या ऐरणीपुढले गाणे ती चुलीत फुंकणी मारता मारता म्हणे. फुंकर घालावयास थांबे तेवढा त्यात विराम. ते गाणे आम्ही नंतर शेकडो वेळा ऐकले आहे. त्या फुंकरीपाशी आम्ही अजून अडखळतो.

अण्णा घरात असले की मात्र ती गुणगुणतही नसे. त्यांनी मनाई केली होती असे नव्हे. परंतु ज्या गाण्यास नवरा कानगोष्टी म्हणतो ते त्याच्या कानावर पडू नये, इतके तारतम्य त्या काळच्या बायका न सांगता पाळीत.

१९६७ च्या जुलैत, १५ तारखेस, बालगंधर्व गेले. संध्याकाळी रेडिओवर त्यांची पदे लागली. अण्णांनी ओटीवर दिवा लावू दिला नाही. काळोखात ते बसून राहिले, आणि आईने प्रथमच न विचारता रेडिओचा आवाज मोठा केला. आजी त्याच्या आदल्या वर्षी वारली होती. हळू ठेवण्याचे कारण उरले नव्हते, तरी तोवर कोणाच्या ते लक्षातच आले नव्हते.

त्याच वर्षीच्या ११ डिसेंबरला पहाटे सव्वाचार-साडेचारच्या सुमारास कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगर जमीनदोस्त झाले. आमच्या घराची मागली भिंत फुगली, कौले घसरली, फळीवरचा रेडिओ खाली येऊन त्याच्या नळ्या फुटल्या. पुढे कित्येक रात्री सारी आळी शाळेच्या पटांगणात निजली. डिसेंबरची थंडी, वर उघडे आभाळ, आणि अंगाखालची जमीन मधूनमधून गुरगुरे. शेजाऱ्यांनी ट्रान्झिस्टर आणला होता. बातम्या झाल्या, मागून कसलेसे गाणे लागले, तेव्हा सेल संपतील म्हणून त्यांनी तो बंद केला. पोरे रडू लागली. कोणासच काही सुचेना. तेवढ्यात त्या काळोखात आईने तेच गाणे पुढे म्हणावयास सुरुवात केली. आवाज मोठा नव्हता, पण पटांगण इतके निःशब्द झाले होते की तो शेवटल्या अंथरुणापर्यंत गेला असावा. अण्णा चार हातांवर घोंगडी पांघरून बसले होते. गाणे संपले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग अण्णा म्हणाले, ‘‘दुसऱ्या कडव्यात शब्द चुकलीस.’’

म्हणजे त्यांस शब्द पाठ होते! वह्या तपाशीत ओटीवर बसलेला तो मनुष्य इतकी वर्षे सर्व ऐकत होता.

यानंतर आई घरात मोकळेपणी गाऊ लागली असे लिहावयास आम्हांस आवडले असते. तसे काही झाले नाही. नवा रेडिओ आला. १९६७ च्या १ नोव्हेंबरपासून मुंबई-पुणे-नागपूरच्या विविध भारतीवर जाहिराती सुरू झालेल्या होत्याच. गाणी पूर्वीसारखीच लागत, मात्र मध्ये साबण येई. आम्ही शिकावयास पुण्यास गेलो, नोकरीस लागलो. १९७७ च्या सुमारास मस्कतहून आलेल्या एका आप्तांनी आम्हांस कॅसेटचा टेपरेकॉर्डर दिला. साताऱ्यास सुटीत गेलो तेव्हा तो बरोबर नेला आणि रेडिओवरून लागतील ती आवडती गाणी टिपून घेण्याचा सपाटा लावला. दोन यंत्रांस जोडणारी तार आमच्यापाशी नव्हती. टेपरेकॉर्डर रेडिओसमोर मांडावयाचा, बटणे दाबावयाची, आणि घरातल्या सर्वांनी तीन मिनिटे श्वास रोखावयाचा, अशी ती पद्धत. खोलीत भांडे वाजले तरी ते टेपेवर उतरे. आम्ही या कामी फार कडक होतो.

एका संध्याकाळी ते गीत लागले, तेच, ज्याचा आवाज पूर्वी आतल्या खोलीत जाई. आम्ही धावत जाऊन बटणे दाबली. आई पलीकडे भाजी निवडीत होती. सुरावट सुरू होताच ती नकळत तिच्याबरोबर गुणगुणू लागली. आम्ही ओरडलो, ‘‘आई, गप्प बस ना जरा! सगळं बिघडतंय.’’

ती गप्प बसली. त्या टेपेवर पुढे गीत निर्वेध आहे. तिने रागावून काही म्हटले नाही; गाणे संपल्यावर ‘‘आलं का रे नीट?’’ असे मात्र विचारले. आम्ही ‘‘हो’’ म्हणून सांगितले आणि दुसऱ्या गाण्याची वाट पाहत बसलो. त्या सुटीत तीन कॅसेटी भरल्या. १९८४ साली आई गेली. तिचा आवाज आम्ही मुद्दाम असा कधीच टिपून ठेवला नाही. आईचा आवाज टिपावयाचा असतो हे तेव्हा सुचलेच नाही. गाणी दुर्मीळ, आई घरचीच, असा आमचा हिशेब होता.

आज पाहावे तो ती सर्व गाणी खिशातल्या फोनवर, मागाल तेव्हा, मूळ तबकडीहूनही स्वच्छ मिळतात. ज्यांच्यासाठी आम्ही घरादाराचा श्वास कोंडला होता त्या गाण्यांपैकी एकही हरवलेले नाही.

दिवाळीनंतर त्या मुलाच्या प्रश्नाने डोके भणभणत असतानाच आम्ही माळ्यावरचे खोके काढले. तीनपैकी दोन कॅसेटींस बुरशी आली होती. तिसरी घेऊन पुण्यातल्या एका तरुण गृहस्थांकडे गेलो. ते जुन्या टेपा संगणकावर उतरवून देण्याचा व्यवसाय करतात. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. ‘‘काका, टेप चांगली निघाली. फक्त चौथ्या गाण्याच्या सुरुवातीला सातआठ सेकंद कोणी बाई गुणगुणतात आणि मग कोणी तरी ओरडतं. तेवढं कापून टाकतो.’’

आम्ही म्हटले, ‘‘ते कापू नका. पुढचे गाणे कापले तरी चालेल.’’

त्यांस हे विचित्र वाटले असावे. त्यांनी दोन्ही ठेवले, आणि पैसे अर्थात पूर्ण कॅसेटचे घेतले.

मे महिन्यात तो मुलगा पुन्हा आला तेव्हा आम्ही त्याला ते ऐकविले. सात-आठ सेकंदच ते. आवाज नीटसा कळण्यापूर्वीच संपतो. त्याने विचारले, ‘‘ही कोण?’’

‘‘तुझी पणजी.’’

‘‘आणि ओरडतंय ते कोण?’’

आम्ही सांगितले. त्याने आमच्याकडे एकवार पाहिले आणि म्हणाला, ‘‘पुन्हा लावा.’’